स्लीपर शोधायला गेले, लिंगो घेऊन आले

१८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात येऊन राहिले आणि मग त्यांनी कुटुंबालाही बोलावून घेतलं. थोरला मुलगा नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. आगगाडी नागपूरपर्यंतच. तिथून पुढे बैलगाडी, तीही पंधराएक दिवसांची. वाटेत एका खिंडीत दोन्ही बाजूंचे कडे एकमेकांना भिडल्यासारखे झाले होते आणि एका कपारीत वरपासून खालपर्यंत मधाचं भलंमोठं पोळं लोंबत होतं. इतक्या माश्यांचा हा कारभार कुठून सुरू झाला असेल, याचा विचार करता करता मुलाचं भान हरपलं. भानावर आला तेव्हा गाडी बरीच पुढे निघून आली होती. विवेकानंदांच्या चरित्रांत हा प्रसंग त्यांच्या पहिल्या ध्यानानुभवाचा म्हणून येतो. गोंदिया जिल्ह्यातले लोक ती खिंड दरेकशाची असं सांगतात.

मला या प्रसंगातलं अध्यात्म कमी कळतं, बैलगाडी जास्त कळते. नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केल्याला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. मुंबई आणि कलकत्ता जबलपूरवरून रुळांनी जोडली गेली होती. आणि तरीही नागपूर ते रायपूर ही वाट म्हणजे पंधरवड्याचं जंगल होतं. माझे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत या बाजूला आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि आले ते रुळावरून. रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यातल्या बहुतेक मराठी घरांची कहाणी एकतर भोसल्यांच्या कारभाऱ्यापासून सुरू होते, नाहीतर रेल्वेच्या बाबूपासून. घोड्यावरून आलेले आणि गाडीतून आलेले, एवढाच काय तो घराण्या-घराण्यांतला फरक.

या दोन्हींच्या मध्ये आणखी एक जात येऊन गेली: कोरा नकाशा हातात घेऊन हिंडणाऱ्यांची. कुणी हिरे शोधायला आला, कुणी रस्ता, कुणी लाकूड. ज्याच्यासाठी आले ते बहुधा हाती लागलं नाही, किंवा लागलं ते टिकलं नाही. टिकली ती वाटेत सहज खिशात पडलेली चीज, आणि ती पुस्तकांत आहे.

*

अठराव्या शतकाच्या शेवटी जेम्स रेनेलनं हिंदुस्थानचा जो नकाशा काढला त्यात बंगाल गच्च भरलेला आहे आणि वऱ्हाड, ओरिसा, उत्तर सरकार यांच्या मधली जागा जवळजवळ रिकामी. आपला छत्तीसगड, बस्तर, वरचा सातपुडा आणि मैकल हे सगळं त्या रिकाम्या जागेत. ती रिकामी होती ती कलकत्त्यात बसलेल्या माणसाच्या लेखी. तेव्हाच्या राजधानीत, रतनपूरच्या कचेरीत, परगण्या-परगण्याचा वसूल लिहिलेला होता. नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंतांनी १७४१ साली रतनपूर घेतलं, १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथंच राहून राज्य करू लागले आणि १७८७ मध्ये ते गेल्यावर सुभेदारांचा अंमल सुरू झाला. विठ्ठलराव दिनकरांनी तर जुने गड मोडून परगण्यांची नवी रचना लावली. म्हणजे ज्याला साहेब अज्ञात प्रदेश म्हणत होता तिथं आमचे पंत सारा गोळा करत होते.

पहिली स्वारी हिऱ्यांसाठी झाली. बंगालमध्ये कमावलेला पैसा इंग्लंडला न्यायचा कसा, ही क्लाइव्हची अडचण होती. हिरे छोटे, खिशात मावतात. संबळपुराजवळ महानदीच्या वाळूत हिरे सापडतात अशी वार्ता होती, म्हणून १७६६ मध्ये थॉमस मॉट याला तिकडे धाडलं. हिऱ्यांचा व्यापार काही जमला नाही. त्याची हकीकत मात्र तीसएक वर्षांनी छापली गेली आणि महानदीच्या वरच्या खोऱ्याचं इंग्रजीतलं पहिलंवहिलं वर्णन म्हणून ती अजून वाचतात. त्यानंतर बारा वर्षांनी वॉरन हेस्टिंग्जचा वकील म्हणून अलेक्झांडर इलियट हा तरुण नागपूर दरबाराकडे निघाला. तो सारंगडपर्यंतच पोचला. सप्टेंबर १७७८ मध्ये तिथं तापानं गेला आणि हेस्टिंग्जनं त्याची समाधी बांधवली. भादव्यात या मुलखातून प्रवास करू नये हे त्याला एखाद्या कोष्ट्यानंही सांगितलं असतं.

रस्ता शोधायला आला तो कॅप्टन जेम्स ब्लंट. १७९५ मध्ये तो चुनारहून निघाला आणि कोरिया, रतनपूर करत रायपुरात आला. कंपनीला उत्तरेतून थेट गोदावरीच्या तोंडाकडे जाणारी वाट हवी होती. रतनपूर त्याला उतरणीला लागलेलं दिसलं, उलट रायपुरात व्यापारी आणि पैसेवाले लोक बरेच दिसले. (राजधानी रायपूरला हलवली ती १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांनी, पण पैसा आधीच हलला होता. पैशाला ही सवयच असते.) कांकेरला राजा श्यामसिंहानं त्याला बजावलं की पुढे बस्तरात शिरू नका. त्यानं ऐकलं नाही, तिथल्या गोंडांनी अडवल्यावर मागे फिरला आणि वैरागड, चांद्याकडून वळसा घालून गोदावरीकाठी उतरला. त्याचा वृत्तांत ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात आहे.

ब्लंटचा रस्ता झाला नाही. पण त्याचा वृत्तांत वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. तो ज्या ज्या वाटेनं गेला ती प्रत्येक वाट कुणाची तरी होती. बस्तरात मीठ नेऊन बदल्यात लाख आणि रानमाल आणणारे बंजाऱ्यांचे तांडे वर्षानुवर्षं त्याच घाटांनी चढत-उतरत होते. मंडला-बालाघाटच्या पठारावरचे लोक छत्तीसगडच्या सपाटीला ‘खलौटी’ म्हणत. आपल्या कानाला त्यात ‘खाल’ चटकन ऐकू येतं, आणि अर्थही तोच: खालचा मुलूख. ज्याला वरून-खालून दोन्हीकडून नाव पडलं आहे, तो प्रदेश अज्ञात कसला?

*

आता या लेखाचा खरा नायक. खरं तर नायक म्हणावं की नाही याबद्दल माझं मन अजून पक्कं नाही.

नोव्हेंबर १८६१ मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदा हे दोन्ही मुलूख जोडून मध्य प्रांत निर्माण झाला. पुढल्या वर्षी रिचर्ड टेम्पल त्याचा कारभार पाहू लागला. टेम्पल हा घोड्यावर बसून अहवाल लिहिणारा माणूस. त्याच्यापुढे एक रोकडा प्रश्न होता. मुंबईहून नागपूर आणि जबलपूर अशा दोन्ही दिशांना रूळ सरकत होते आणि त्या रुळांखाली घालायला लाखांनी स्लीपर लागत होते. ठेकेदारांनी सोयीच्या जंगलांत कुऱ्हाड अशी चालवली की जेवढं तोडलं तेवढं वाहूनही नेता आलं नाही, ओंडके जागीच कुजले. मग सरकारला जाग आली: आपल्या ताब्यात जंगल आहे तरी किती, कुठे आणि कुठल्या झाडांचं? ते पाहायला कॅप्टन पिअर्सनच्या हाताखाली जी मंडळी नेमली, त्यांत जेम्स फॉर्सिथ होता.

फॉर्सिथ तेव्हा जेमतेम चोविशीतला. बंदुकांचा शौक एवढा की रायफल आणि तिच्या गोळ्यांवर त्याचं स्वतंत्र पुस्तक आहे. १८६२ च्या जानेवारीत तो महादेवाच्या डोंगरावर चढला आणि पचमढीच्या पठारावर त्यानं तळ दिला. तिथं त्यानं बांधलेला बायसन लॉज आज संग्रहालय आहे आणि पचमढीला गेलेला प्रत्येक मराठी माणूस जटाशंकर आणि धूपगडाच्या मध्ये कुठेतरी त्याच्यासमोर फोटो काढून घेतो. पुढली दोन-अडीच वर्षं तो हिंडत राहिला: निमाडच्या सागवनांतून, नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातून, आज आपण ज्याला कान्हा म्हणतो त्या बंजर नदीच्या कुरणांतून, अमरकंटकापर्यंत आणि त्याही पलीकडे. त्यातून ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक झालं. ते नोव्हेंबर १८७१ मध्ये लंडनला छापून आलं तेव्हा लेखक हयात नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला होता, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी.

पुस्तकात वाघ आहेतच, आणि शिकारी वाचकांनी ते पुस्तक वाघांसाठीच वाचलं. ते भाग आज वाचवत नाहीत. हौसेनं मारलेल्या जनावरांची रास पाहिली की पान उलटावंसं वाटतं. बैगा आदिवासींच्या बेवर शेतीला, म्हणजे रानाचा तुकडा तोडून-जाळून त्या राखेत बी फेकण्याला, तो नावं ठेवतो आणि दोन पानांवर त्याच बैग्याच्या मागे मुकाट चालतो, कारण वाट बैग्यालाच ठाऊक. आगगाडीच्या ठेकेदारानं तोडलेलं जंगल आणि बैग्यानं जाळलेलं जंगल एकाच तराजूत तोलणं त्याला खटकत नाही, मला खटकतं.

पण या माणसाला डोळा होता. त्याची एक नोंद मी कितीदा तरी वाचली आहे.

सातपुड्याच्या पश्चिम भागात साग आहे आणि पूर्वेला साल. आमच्याकडे सालाला सरई म्हणतात, आणि चैतात सरई फुलली की साऱ्या रानाला एक मंद, जरा तुरट वास येतो. साग आणि साल सहसा एकमेकांच्या हद्दीत शिरत नाहीत. नुसती झाडंच नव्हेत तर त्यांच्याबरोबरची जनावरंही वेगळी आहेत, हे फॉर्सिथच्या ध्यानात आलं. बाराशिंगा, रानम्हैस आणि तांबडी रानकोंबडी ही सालाच्या राज्यातली प्रजा. सागाच्या बाजूला आलं की रानकोंबडी करडी होते आणि बाराशिंगा नाहीसा होतो. इथवर ठीक. पण पचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात, मुख्य सालवनापासून कितीतरी कोस पश्चिमेला, चोहोबाजूंनी सागानं वेढलेला सालाचा एक लहानसा तुकडा त्याला आढळला. आणि त्या तेवढ्याशा तुकड्यात बाराशिंगा होता, तांबडी रानकोंबडीही होती. जणू एखाद्या गावातून अख्खी आळी उठून परमुलखात वसली आणि बरोबर आपले देव, आपली भांडी, आपली बोलीही घेऊन आली. आम्ही तात्यापाऱ्यातले लोक ही नोंद जरा ओलसर डोळ्यांनी वाचतो, हे कबूल करायला हवं.

झाड, पाखरू आणि जनावर ही एकमेकांची सोबत धरून असतात, एक गेलं की दुसरं जातं, हे शास्त्र पुढे मोठं झालं. फॉर्सिथ ते शास्त्र म्हणून मांडत नाही, तो आश्चर्य म्हणून सांगतो. पुढे त्या खोऱ्यातला बाराशिंगा संपला. कान्हाच्या कुरणांत तर १९७० मध्ये जेमतेम ६६ उरले होते. ते तिथं जिवापाड जपले, वाढवले आणि गेल्या दहा वर्षांत त्यांतलेच काही ट्रकमध्ये घालून सातपुडा व्याघ्र प्रकल्पातल्या बोरीच्या रानात नेऊन सोडले. बोरी म्हणजे १८६५ साली राखीव केलेलं जंगल, फॉर्सिथच्याच पायाखालचं. त्याच्या नोंदीतलं जनावर दीडशे वर्षांनी पत्ता शोधत परत आलं.

*

पुस्तकाच्या मध्यावर एक प्रकरण असं आहे की शिकारकथा म्हणून वाचणारा तिथं अडखळतोच. ते पद्यात आहे. त्याचं नाव संत लिंगोचं गाणं, आणि ते फॉर्सिथनं जंगलात ऐकलेलं नाही. ते नागपूरहून आलं आहे.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. आज त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे म्हणून नाव तरी टिकलं, नाहीतर लोक विसरलेच असते. धर्मप्रसारापेक्षा दगडधोंड्यांत जास्त रमणारा हा माणूस. नागपूरच्या आसपासच्या खडकांतले जीवाश्म त्यानं गोळा केले. अशाच खडकांच्या अभ्यासातून पुढे भूवैज्ञानिकांनी ‘गोंडवन’ हे नाव उचललं आणि एका दुभंगलेल्या अख्ख्या महाखंडाला ते लावलं. गोंडांच्या वाट्याला जमिनीचे पट्टे किती आले तो हिशेब वेगळा, नाव मात्र दक्षिण ध्रुवापर्यंत पोचलं.

हिस्लॉपनं एका परधानाकडून गोंडांची उत्पत्तिकथा गोंडीत उतरवून घेतली. परधान म्हणजे गोंडांचे भाट. हातात बाणा नावाचं तंतुवाद्य, आणि यजमानाच्या घराण्याची वंशावळ तोंडपाठ. कथा अशी: गोंड जन्मले, पण त्यांच्या वागण्याला कंटाळून महादेवानं त्यांना एका गुहेत कोंडलं आणि तोंडावर शिळा लावली. ती गुहा काचीकोपा लोहागडची. मग लिंगो आला. भावांनी त्याला एकदा मारलंही, तो पुन्हा उठला. त्यानं शिळा हलवली, कोंडलेल्यांना बाहेर काढलं, त्यांना शेत शिकवलं, गोत्रं दिली, देव वाटून दिले.

हे कागद प्रसिद्ध व्हायच्या आत ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप गेला. टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना भरलेल्या ओढ्यात तो बुडाला. टेम्पलनं त्याचे कागद गोळा करून १८६६ मध्ये छापले. फॉर्सिथनं त्यातून ते गाणं उचललं आणि आपल्या मगदुराप्रमाणे इंग्रजी पद्यात बसवलं. त्याचं पद्य बेताचंच आहे. पण शिकारीच्या पुस्तकात, वाघाच्या प्रकरणाच्या आधी, एका परधानाचं गाणं लंडनला छापलं गेलं. नागपूरच्या त्या परधानाचं नाव त्यात नाही.

*

फॉर्सिथच्याच काळात सिवनीला रॉबर्ट स्टर्नडेल हा सरकारी अधिकारी होता. त्यानं १८७७ मध्ये ‘सिओनी’ नावाचं पुस्तक काढलं. सातपुड्यातल्या छावणीतल्या दिवसांना कादंबरीचा सैलसा झगा घातला आहे, एवढंच. पुढे १८८४ मध्ये हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला. ही पुस्तकं रडयार्ड किपलिंगच्या हाती लागली. किपलिंगचा जन्म मुंबईचा, जे. जे. कला शाळेच्या आवारातला, पण सिवनीच्या जंगलात त्यानं पाऊल ठेवलं नव्हतं. मोगलीची पहिली गोष्ट लिहायला घेतली तेव्हा तो अमेरिकेत बर्फात बसला होता, आणि सुरुवातीच्या मसुद्यात त्यानं जागा घातली होती मेवाडच्या अरवलीची. मग ती खोडून सिवनी केली. १८९४ मध्ये ‘द जंगल बुक’ आलं आणि सिवनीचे लांडगे जगभर गेले.

त्या गोष्टींतली वैनगंगा म्हणजे आपली वैनगंगाच, हे भंडाऱ्याच्या कित्येक मुलांना ठाऊक नसतं. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट ओलांडून भंडाऱ्यात येते, पवनी, गडचिरोली करत वर्धेला मिळते. रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली पाहताना आमच्या पिढीला वाटायचं की हे कुठल्यातरी परदेशातलं रान आहे. गोंदियाची माझी मावशी तेव्हा त्याच नदीचे मासे खात होती.

*

आता एक घरगुती तक्रार. भोसल्यांचा अंमल इथं शतकभराच्या आसपास होता. मराठी कारकून अमरकंटकच्या पायथ्यापासून धमतरीपर्यंत दर पावसाळ्याआधी आणि नंतर फिरत होते. त्यांनी लिहिलं ते सगळं वसुलाचं. एखाद्या पंतानं रात्री मुक्कामाला, समईच्या उजेडात, आज वाटेत सरई फुलली होती असं एक वाक्य जरी लिहून ठेवलं असतं! माझ्या वाचनात तसं काही आलं नाही. जंगल म्हणजे ओसाड, ओसाड म्हणजे वसूल नाही, वसूल नाही तर लिहायचं काय, असा तो हिशेब. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ आहे तो अपवाद, पण तेही सत्तावन्नच्या धामधुमीत सापडले म्हणून. निघाले होते दक्षिणा मिळवायला.

मराठी माणूस या उत्तरेच्या रानात शिरला तो तीर्थाच्या वाटेनं. नर्मदेची परिक्रमा हीच आमची मोहीम. पायी, अनवाणी, मागून खात. अमरकंटकचं रान, शूलपाणीची झाडी यांच्यातून किती पिढ्या गेल्या असतील. गो. नी. दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली तेव्हा त्या वाटेला मराठीत मोठं पुस्तक मिळालं, फॉर्सिथनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी. दुर्गाबाई भागवतांनी मध्य प्रांतातल्या गोंड मुलखात गाणी-कथा गोळा केल्या, तिथं विषबाधा होऊन त्या काही वर्षं अंथरुणाला खिळल्या. त्यांची निसर्गाकडे पाहायची नजर त्या सक्तीच्या पडून राहण्यात घडली, असं मला ‘ऋतुचक्र’ वाचताना नेहमी वाटतं.

पण ज्याचं नाव या यादीत पहिलं हवं तो माणूस मराठीत जवळजवळ अनोळखी आहे. शामराव हिवाळे. मराठी ख्रिस्ती घरातले, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले. तिथं त्यांची आणि व्हेरिअर एल्विन या इंग्रजाची गाठ पडली. गांधीजींच्या सहवासातून निघालेले हे दोघं जानेवारी १९३२ मध्ये अमरकंटकाजवळच्या करंजिया गावात येऊन राहिले. सेवा करायची, दवाखाना चालवायचा, शाळा काढायची, एवढाच बेत. एल्विन लिहू लागला, १९३६ मध्ये त्याची करंजियाची रोजनिशी छापून आली, मग बैगांवरचा मोठा ग्रंथ, पुढे बस्तरच्या मुरियांवरचा. जग त्याला ओळखू लागलं. दवाखान्यात रांगेनं येणाऱ्या रोग्यांना औषध देणारे, भांडणं मिटवणारे, लोकांचे ‘छोटे भाई’ झालेले शामराव मागेच राहिले. ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ आणि ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ या दोन्ही संग्रहांवर दोघांचीही नावं आहेत.

शामरावांनी एकट्यानं लिहिलेलं पुस्तक १९४६ मध्ये आलं. ते आहे वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवर. हिस्लॉपनं ज्यांचं गाणं घेतलं आणि नाव लिहिलं नाही, त्याच परधानांवर. इंग्रजीत लिहिलेलं, पण मराठी माणसाचं, आणि दौऱ्यावर येऊन नव्हे तर शेजारी राहून लिहिलेलं. माझ्या मते सातपुड्याबद्दल मराठी हातून उतरलेल्या पुस्तकांत ते सर्वांत महत्त्वाचं. त्याचं मराठी भाषांतर एखाद्या प्रकाशकानं मनावर घ्यायला हवं.

एल्विन पुढे ईशान्य भारतात गेला. शामराव गेले नाहीत. पाटणगडला, परधानांच्याच गावात, ते त्यानंतरही राहिले. त्या पाटणगडात १९६२ च्या सुमारास एका परधान घरात जनगढसिंह श्याम जन्मला. बाण्यावर गायचे देव त्यानं भिंतीवर आणि मग कागदावर ठिपक्या-रेषांनी काढले आणि गोंड चित्रकला म्हणून ती आज दालनादालनांत टांगलेली दिसते. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा अंत झाला. पाटणगडात आता घरोघरी चित्रकार आहेत.

*

फॉर्सिथच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाचं नाव आहे अतिपूर्वेकडची शोधयात्रा. नाव वाचून चीन-जपान डोळ्यांपुढे येतं. त्याची अतिपूर्व म्हणजे आमचा कोरबा, लाफा, उपरोडा! रतनपूरच्या उत्तरेच्या जमीनदाऱ्या, त्यांतली सालवनं आणि रानहत्ती. रायपूरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचावं एवढ्या अंतरावर.

ते हत्ती पुढे नाहीसे झाले. कित्येक दशकं छत्तीसगडात हत्ती म्हटलं की मंदिरापुढचा, नाहीतर सर्कशीतला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून झारखंड-ओरिसातून कळप परत येऊ लागले, त्याच मुलखात, हसदेव नदीच्या बाजूला. २०२१ मध्ये लेमरूला १,९९५ चौरस किलोमीटरचं हत्ती राखीव क्षेत्र जाहीर झालं आहे आणि त्याच कोरबा जिल्ह्यात गेवऱ्याची प्रचंड कोळसा खाण आहे. हसदेवच्या सरईखाली कोळसा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तिथले गोंड चालत रायपूरपर्यंत आले होते, जंगल राहू द्या म्हणायला. लाकडासाठी मोजलेलं जंगल आता जमिनीखाली काय आहे त्यावर मोजलं जातं.

तर दरेकसा. बोरतलाव सोडलं की गाडीचा वेग उतरतो, डोंगर जवळ येतात, बोगद्यात क्षणभर अंधार होतो. नरेंद्राचं पोळं इथंच कुठेतरी असेल असं मानून मी दर वेळी कपारींकडे पाहतो. पण त्या डोंगरांत दुसरीही एक जागा आहे. दरेकशापासून थोडं आत, सालेकसा तालुक्यात, कचारगडची गुहा. गोंड लोक तिलाच लिंगोची गुहा मानतात, काचीकोपा लोहागड. माघ पौर्णिमेला तिथं यात्रा भरते.

एका माघात मी पॅसेंजरनं नागपूरकडे निघालो होतो. डोंगरगडला डबा भरला. बस्तर, कांकेर, मोहल्याकडची माणसं, डोक्याला पिवळे फेटे, गळ्यात पिवळी उपरणी, बायांच्या डोक्यावर गाठोडी, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं वाद्य. मी विचारलं, बाबा, गाणं कुठलं म्हणणार? तो म्हणाला, लिंगोचं. किती मोठं आहे? त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे.

“रातभर के हे,” तो म्हणाला. “तैं कहां उतरबे?”

मी म्हटलं, नागपूर. तो हसला आणि सरकून त्यानं आपल्या माणसांना दाराकडे वाट करून दिली. दरेकसा आलं होतं.